खारीची फुगलेली शेपटी

परसात होतं पेरूचं झाड. झाडावर खारीचं घरटं. घरट्यात एक पिल्लू. पिल्लावर एक मोठ्ठं पान. पानाची गार गार सावली.

एक दिवस आली अळी. कुर्रुम कुर्रुम! अर्धं पान फस्त! आगाऊ कुठली!

पिल्लाच्या डोळ्यांवर आलं ऊन. पिल्लू रडलं, चीं चीं चीं!

खारीला आला राग. शेपटी फुगली हीऽऽ एवढी!

"अळी अळी, पान सोड!"

"नाही सोडत, जा!" कुर्रुम कुर्रुम!

"अस्सं? थांब, बघतेच तुला!"

खार निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. खुराड्यात होती कोंबडी.

"कोंबडीताई, अळी खा!
अळी पान सोडेना,
पिल्लाचं रडू थांबेना.
शोभतं का हे?"

"दार बंद आहे. मावशीनं उघडलं, तर येईन."

तुरुतुरु तुरुतुरु. अंगणात होती सगुणामावशी.

"मावशी मावशी, दार उघड!
कोंबडी येईना,
अळी पान सोडेना,
पिल्लाचं रडू थांबेना.
शोभतं का हे?"

"मुळीच नाही! कोंबडी माझी कोथिंबीर उकरते, मेली! कोथिंबिरीवर टोपली बसली, तर उघडेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ओट्यावर होती टोपली.

"टोपली टोपली, चल ना!
मावशी दार उघडेना,
कोंबडी येईना,
अळी पान सोडेना,
पिल्लाचं रडू थांबेना.
शोभतं का हे?"

"माझ्यात चंप्या कुत्रा झोपलाय. तो उठला, तर येईन."

"चंप्या चंप्या, ऊठ!
टोपली हलेना,
मावशी दार उघडेना,
कोंबडी येईना,
अळी पान सोडेना,
पिल्लाचं रडू थांबेना.
शोभतं का हे?"

"घुर्रर्र! भाकरीचा वास आला, तर उठेन."

ऐका याचं! तुरुतुरु तुरुतुरु. खार गेली चुलीकडे.

"चुली चुली, पेट!
चंप्या उठेना,
टोपली हलेना,
मावशी दार उघडेना,
कोंबडी येईना,
अळी पान सोडेना,
पिल्लाचं रडू थांबेना.
शोभतं का हे?"

"वाळक्या काटक्या आण, मग पेटेन."

काटक्या कुठे? पेरूच्या झाडावर! खार परत आली, धापा टाकत.

"पेरू पेरू, काटक्या दे!
चूल पेटेना,
चंप्या उठेना,
टोपली हलेना,
मावशी दार उघडेना,
कोंबडी येईना,
अळी पान सोडेना,
पिल्लाचं रडू थांबेना.
शोभतं का हे?"

"अगं, पान खाल्लं माझं! आणि मला विचारतेस सगळ्यांत शेवटी?"

झाडही रागावलं. कडाड् कट्! काटक्याच काटक्या!

काटक्या आल्या, चूल पेटली. चूल पेटली, मावशीनं भाकरी थापली, थप थप थप. भाकरीचा वास आला, चंप्या उठला. चंप्या उठला, टोपली कोथिंबिरीवर बसली. टोपली बसली, मावशीनं दार उघडलं. दार उघडलं, कोंबडी धावली.

झाडानं फांदी हलवली. अळी पडली, टप्प! कोंबडीनं चोच मारली, टिप्प!

खारीनं उरलेलं अर्धं पान ओढलं पिल्लाच्या डोळ्यांवर. पिल्लू निजलं.

पण शेपटी फुगलेलीच! "माझं अर्धं पान गेलंच ना?"

झाड म्हणालं, "देतो हं, देतो."

चार दिवसांनी फांदीवर फुटलं नवं, कोवळं, अख्खं पान.

तेव्हा कुठे शेपटी खाली आली.