ओ देणारा ओतारी

एकदा एका गावी एक वृद्ध ओतारी राहत असे. देवळांच्या घंटा ओतण्यात त्याचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. पण वयोमानाने तो हात आता कापू लागला होता, आणि वितळलेल्या काशाने भरलेली मूस कापऱ्या हाताने उचलता येत नाही. त्याची सारी आशा केरबा नावाच्या शिष्यावर होती. केरबाने ओतलेली पुढची घंटा नीट वाजली तर भट्टी त्याच्या हाती सोपवायची, नाहीतर ती कायमची विझवायची, असे ओताऱ्याने ठरवले होते. केरबाला तसे स्पष्ट सांगितलेही होते.

केरबा कामात तरबेज होता. दोष एवढाच, की तो हाकेला फार चटकन ओ देई. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण दारातल्या त्याच्या चपला पाही आणि केरबा आत आहे हे ओळखून हाक मारी. कोणाला गळका तांब्या दाखवायचा असे, तर कोणाला नुसतेच 'काय चाललंय' विचारायचे असे. केरबाच्या तोंडून 'ओ' निघे आणि त्यामागोमाग केरबाही निघे. त्याच्यासारखा भला माणूस गावात नाही, असे सगळे म्हणत. भला म्हणवून घेण्यात मोठे सुख असते, ते सहजी सोडवत नाही.

घंटेला मात्र एकसंध धार लागते. धार मध्येच थांबली, तर आधीचा धातू थिजतो आणि नंतरचा त्याच्याशी एकजीव होत नाही. अशी घंटा दिसते सुरेख, पण वाजते बद्द. केरबाची आधीची घंटा तशीच वाजली होती. ऐन ओतताना बाहेरून कोणी हाक मारली, त्याने 'ओ' म्हणून मान वळवली आणि धार तुटली.

पुन्हा घंटा ओतायची त्या सकाळी ओताऱ्याने एक विलक्षण गोष्ट केली. केरबाच्या चपला उचलून त्याने धान्याच्या कणगीमागे लपवल्या. म्हाताऱ्याला भ्रम तर झाला नाही ना, अशी शंका केरबाला आली.

युक्ती लागू पडली. दारात चपला नाहीत हे पाहून लोक मुकाट पुढे जाऊ लागले. भट्टी धगधगत होती. ओतण्याचा क्षण धातूच्या रंगावरून कळतो, म्हणून मुशीकडे पाहत बसणे एवढेच केरबाचे काम होते. पण थोड्याच वेळात त्याची चुळबुळ सुरू झाली. तो उठून दारापर्यंत गेला, रस्ता न्याहाळून परत आला, बसला आणि पुन्हा उठला.

"कुठे निघालास?" ओताऱ्याने विचारले.

"कोणी हाक मारली का, ते बघतो, आबा."

"मारली का?"

"नाही." केरबा ओशाळला.

फोन वाजलेला नसताना तो उचलून पाहणाऱ्यांनी केरबाला हसू नये.

ओतारी मात्र मनापासून हसला. म्हणाला, "लोक तुला उठवतात, असं मला वाटायचं. म्हणून चपला लपवल्या. आता कळलं, हाक तुझ्या आतून येते. ती मला कणगीमागे लपवता येणार नाही, आणि तुलाही बंद करता येणार नाही. येऊ दे तिला. फक्त ती आली, की पाय उचलण्याआधी एकदा मुशीकडे बघ. रंग बघितलास, की बसावंसं वाटेल. हाक मारणारा थांबतो रे, धातू थांबत नाही."

केरबा बसला. हाक येतच राहिली, आणि दर वेळी तो मुशीकडे पाहत राहिला. हळूहळू त्याला रंगाच्या अशा छटा दिसू लागल्या, ज्या त्याने आजवर कधी पाहिल्याच नव्हत्या. क्षण आला तेव्हा त्याने मूस उचलली आणि एका धारेत साचा भरला.

दुसऱ्या दिवशी साचा फोडून घंटा टांगली. केरबाने भीतभीतच टोल दिला. नाद उठला आणि कितीतरी वेळ अंगणात रेंगाळत राहिला.

मग ओतारी म्हणाला, "पुढची घंटा ओतशील तेव्हा मी भट्टीजवळ नसेन."

केरबाचा चेहरा उतरला. "का, आबा? कुठे जाणार तुम्ही?"

"कुठे जातोय? आत झोपेन म्हणतो निवांत."