वळणावरची हाक

"मग वळणावर हाक कोण देणार?"

नावाडी विचारत होता. घसा पार बसलेला. तोंडातून शब्द कमी आणि वाराच जास्त येत होता.

चीनमधलं ते जुनं शहर कालव्यांवरच वसलेलं. गल्ली म्हणजे पाणी, आणि घराचा उंबरा ओलांडला की पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या, वळणं अरुंद. समोरची नाव अंगावर येईपर्यंत दिसायची नाही. म्हणून वळणाआधी हाक द्यायची, ही तिथली रीत. त्यात त्या सकाळी धुकं पडलेलं.

"पुढे उभा असेल त्यानं द्यावी," असं म्हणून गुरू फाशेन चटईच्या छपराखाली टेकून बसले.

पुढे उभा होता त्यांचा शिष्य मिंगदे. काठावरच्या लोकांना आपण नीट दिसावं म्हणून स्वारी मुद्दाम तिथे उभी राहिली होती. आता आली का पंचाईत! मिंगदेचं मौन होतं.

तीन वर्षांचं मौन. ते आज दुपारी, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मठात सुटायचं होतं. सुटलं की फाशेन त्याला तिथल्या गादीवर बसवणार होते. आधी मोडलं तर गादी नाही, मठाचा नियमच तसा. त्याचे पहिले शब्द ऐकायला सगळं गाव जमणार होतं.

बरं, शब्दही तयार होते. वर्षभर घासूनपुसून त्यानं एक वाक्य लख्ख करून ठेवलं होतं. जेवताना, अंगण झाडताना, झोपेतसुद्धा त्याचे ओठ हलायचे. फाशेन बघायचे, पण कधी काही बोलले नाहीत.

नाव निघाली. पहिलं वळण आलं.

मिंगदेनं युक्ती केली. नावेच्या कडेवर बोटांच्या पेरांनी टकटक वाजवलं आणि स्वतःच्याच अकलेवर खूश झाला. मागून नावाडी नको नको म्हणत होता, पण त्याचा आवाज त्याच्याच दाढीत अडकला.

त्या पाण्यावर नावेची कड वाजवणं म्हणजे गिऱ्हाईक बोलावतंय. तिथलं शेंबडं पोरही हे सांगेल. मिंगदे डोंगरावरच्या आश्रमात वाढलेला, त्याला काय ठाऊक?

वळणापलीकडे बदकाची अंडी विकणारी एक म्हातारी होती. सकाळची भवानी होतेय म्हटल्यावर तिनं जोरानं वल्हं मारलं, ती सरळ येऊन यांच्या नावेवर आदळली. अर्धी टोपली अंडी फुटून पाण्यात गेली.

म्हातारीनं मिंगदेचा असा काही उद्धार केला की बोलायची सोय नाही. घ्यायचं नव्हतं तर वाजवलंस कशाला, मुका आहेस का, असं तिनं विचारलं. मुका नाही, मौन पाळतोय, हे नावाड्यानं खुणांनी कसंबसं समजावलं.

"मग घरी बसून पाळ की बाबा," म्हातारी म्हणाली. "पाण्यावर कशाला आलास?"

मिंगदेचे कान लाल झाले. फाशेन तरंगणाऱ्या टरफलांकडे बघत होते...

पुढे दगडी पूल आला. पुलाखालीच वळण. पाण्याला ओढ होती आणि नाव वेगात होती. मिंगदे दात आवळून उभा राहिला. एवढा पूल, पुढे दोन वळणं, की मठ.

तेवढ्यात धुक्यातून तान्ह्या पोराची किरकिर ऐकू आली. अगदी खाली, पाण्याला लागून. शिंगाडे काढायला बायका लाकडी टबात बसून पाण्यात उतरतात; त्यांतलीच कुणी पोराला पाठीशी बांधून आली होती. टब उलटायला नावेचा नुसता धक्का पुरला असता.

मिंगदे ओरडला.

"थांबाऽऽ!"

तीन वर्षं न वापरलेला आवाज फाटून निघाला. नावाड्यानं वल्हं आडवं घातलं. टब नावेला घासून गेला. बाईनं मान वर केली, पोराला थोपटलं आणि ती आपल्या कामाला लागली. तिला यांच्या व्रताचं काय माहीत?

मिंगदे मटकन खाली बसला. लहान मुलासारखा रडला.

"मोडलं, गुरुजी... थोडंच राहिलं होतं."

फाशेननी धुक्यात पुढे बोट दाखवलं.

"पुढे वळण आहे," ते म्हणाले.

मिंगदे डोळे पुसून उठला. त्यानं हाक दिली. पुढच्या वळणावर पुन्हा दिली. मधल्या वाटेत ओठ मिटलेलेच होते.

मठाच्या पायऱ्यांवर ही गर्दी. लोकांच्या हातात फुलं. म्हातारे कारभारी पुढे झाले आणि सगळे चिडीचूप झाले.

नावाड्याचा घसा बसलेला. गुरू सांगणारे नव्हते. कुणाला कळणार होतं? ते लख्ख वाक्य बोलायचा अवकाश, गादी समोरच होती.

मिंगदेनं तोंड उघडलं.

"मी वाटेत बोललो."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. काय बोललास, असं कारभाऱ्यांनी विचारलं.

"थांबा... एवढंच."

कारभारी फाशेनकडे वळले. नियम सगळ्यांना माहीत होता. आता गादीचं काय करायचं, त्यांनी विचारलं.

फाशेन मिंगदेचा खांदा धरून नावेतून उतरले.

"वर्षभर याचे ओठ हलत होते," ते म्हणाले. "आज थांबले... बसवा."