एका हाताची होडी

फार वर्षांपूर्वी, खाडीच्या मुखावरच्या खडकाला अजून दीपस्तंभ माहीत नव्हता तेव्हा, वायंगवेळ गावात धाकू मेस्त नावाचा होड्या बांधणारा सुतार होता. त्याला वाकडं म्हणून काही खपत नसे. होडीची डावी बाजू तो दोरीने उजवीशी मापून बघे आणि गव्हाएवढा फरक निघाला तरी वाकस घेऊन पुन्हा तासायला बसे. जेवणाआधी ताटसुद्धा सरळ करून घेई, असं म्हणतात.

आणि देवाची गंमत बघा, त्याच्याच घरी शेवंती जन्मली. तिचा डावा पाय चार बोटं आखूड. आई बाळंतपणात गेलेली, त्यामुळे बापाचा सगळा जीव लेकीत. त्याने तिच्या डाव्या पायासाठी उंच खडाव केली, दोन्ही पाय अगदी सारखे. शेवंती ती घालून रोज पडे, आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून रोज घाले.

गावच्या होड्या तेव्हा अरुंद, एकाच ओंडक्यातून कोरलेल्या. खाडीच्या मुखाशी लाट आडवी आली की कलंडत. एका वर्षी धाकूने सात वेळा मापलेली होडी तिथेच उलटली आणि त्याचा सख्खा भाऊ बुडाला. धाकूने वाकस खाली ठेवला. समुद्रावर कोणी जाईना, गाव नुसत्या पेजेवर आलं.

एका सकाळी शेवंती विहिरीवरून येत होती. पाय अनवाणी, कमरेवर भरलेली कळशी, दुसरा हात लांब पसरलेला. झोके खात येत होती, पण कळशीतला थेंब सांडत नव्हता. अंगणात बापाला बघून ती घाबरली.

"बाबा, रागावू नकात. माका माझ्याच चालीन चलाक होया."

धाकू तिच्या पसरलेल्या हाताकडे बघत राहिला. मग तिला जवळ घेऊन लहान मुलासारखा रडला. इतकी वर्षं तो तिला सरळ करू बघत होता आणि तिला तिचा तोल केव्हाच सापडला होता.

त्याच दिवशी त्याने एका होडीला एकाच बाजूने दोन लांब वासे बांधले आणि त्यांच्या टोकांना पांगाऱ्याचा हलका ओंडका. दुसरी बाजू जाळं ओढायला मोकळी. पाचर हवी होती, ती त्याने खडाव फोडून केली.

गाव हसलं. "मेस्तानु, दुसरी बाजू करूक इसारलास काय?"

होडीत पाय ठेवायला कोणी तयार होईना.

"माझ्यासारखीच आसा ती," शेवंती म्हणाली. "मी बसतंय."

वल्हं धाकूनेच धरलं. मुखाशी माडाएवढ्या लाटा आल्या. होडी ओंडक्याकडे कलली, तर ओंडका पाण्यावर रेटून उभा राहिला. उलट कलली, तर त्याच्या वजनाने परत आली. तिसरी लाट तर जवळ येऊन थबकली आणि वाकून वाट देऊन गेली, असं म्हणतात. बापलेक जाळंभर मासळी घेऊन परतले.

त्या ओंडक्याला सगळीकडे उलांडी म्हणतात, वायंगवेळात मात्र शेवंतीचा हात. नवी होडी पाण्यात लोटण्याआधी गावची एक लेक कमरेवर कळशी घेऊन, दुसरा हात पसरून तिच्याभोवती फिरते. आणि कुणाचं मूल आखूड पायाचं जन्मलं, तर बारशाच्या दिवशी बाप त्याला त्या ओंडक्याशी नेतो, त्याची पावलं लाकडाला टेकवतो आणि कानात सांगतो, "तू तुझ्याच चालीन चल."