ठकूबायचा खुंटा

पूल नव्हता, लॉज नव्हते, तेव्हाही माडबेटावर हवा खायला माणसं येत. त्यांना होडीतून नेई ठकूबाय तारीण. काठावर तिनं एक खुंटा पुरला होता, त्यावर दोन खाचा. पाणी दुसऱ्या खाचेला लागलं की होडी बंद. मग राजा येवो नाहीतर जावई.

बेट खोताचं. धंदा आम्ही लॉजवालेही करतो, गिऱ्हाईक परत गेलं की जीव तुटतो, कबूल. पण खोतानं काय केलं ऐका. बेटावरच्या ऐन यात्रेत पाणी दुसऱ्या खाचेला लागलं आणि ठकूबायनं होडी ओढून घेतली.

"ठकू, आभाळ बघ कसं लख्ख आहे! पाहुण्यांना अडवतेस?"

"खोतांनू, पूर आभाळातनं नाय येत, घाटातनं येतो."

खोत हसला. गड्यांकडून त्यानं खुंटा उपटवला, वीस पावलं वर पुरला आणि ओरडला, "बघा, खुंटा कोरडा! चला!" आपल्या होड्यांतून त्यानं माणसं नेली. पाहुण्यांना काय माहीत? त्यांनी खुंट्यावर विश्वास ठेवला.

दुपारी लख्ख उन्हात घाटाचं पाणी आलं. एकोणीस माणसं वाहून गेली. उरलेली मधल्या वाळूवर अडकून हाका मारू लागली.

असं म्हणतात, ठकूबायनं तो खुंटा एकटीनं उपटला, पुरात शिरून जुन्या जागी ठोकला आणि त्याला दोर बांधून, दुसरं टोक वाळूकडे फेकून, खुंट्याला मिठी मारून उभी राहिली. तिच्या खांद्यावर पाणी चढलंच नाही, असं म्हणतात. दोर धरून, तिच्या खांद्याचा आधार घेत शेवटचं माणूसही काठाला लागलं. मग पाणी चढलं.

खोत म्हणाला, "देवाची इच्छा!" आपलं पाप देवाच्या माथी! त्यानं पुन्हा खुंटा हलवायला दहा गडी लावले. खुंटा तसूभरही हलला नाही.

आज बेटावर चाळीस लॉज आहेत. तरी हंगामाची पहिली होडी सुटण्याआधी प्रत्येक लॉजवाल्याला खुंट्याशी छातीभर पाण्यात उभं राहून एकोणीस नावं घ्यावी लागतात. परवा एका नव्या मालकानं विचारलं, "नुसता हार घातला तर नाही का चालणार?"

काठावरची मासेवाली कडाडली, "हार कशाला? ठकूबाय उभी राहिली ना? उतर पाण्यात!"

उतरला.