झडपा नसलेली खिडकी

“पण यात धूर आहे कुठे?”

असंच मी विचारलं होतं, असं वाटतं. चाळीस वर्षं झाली. शब्द इकडचे तिकडे झाले असतील. माझा आवाज चढलेला होता, एवढं मात्र नक्की.

तोरणमाळच्या वरच्या अंगाला चेतनगिरी महाराजांचा छोटा मठ होता. डिसेंबरातली संध्याकाळ. कालिंदीला, माझ्या पत्नीला, ताप येऊन हुडहुडी भरली होती. पाहुण्यांच्या खोलीच्या खिडकीला झडपाच नव्हत्या, नुसती चौकट. मी तिच्यात रजई कोंबली, शेगडी पेटवून आत आणली आणि दार लावलं. एकही धुरकट लाकूड नाही, सगळे लाल, स्वच्छ निखारे. मला त्या निखाऱ्यांचा अभिमान वाटत होता. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे.

तासाभराने महाराज दार ढकलून आत आले. त्यांनी रजई ओढून काढली, शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. सत्तरी ओलांडलेला माणूस.

मी चिडलो. बायको थंडीने जाईल, म्हणालो. आणि धुराचा तो प्रश्न विचारला.

“धूर असता तर तुम्ही आपणहून बाहेर आला असता,” महाराज म्हणाले.

मग कालिंदीकडे वळले. “माई, डोकं दुखतंय?”

“तापाचं असेल,” ती म्हणाली.

“आणि मास्तर, तुमचं? तुम्हाला तर ताप नाही.”

…

दुखत होतं. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं. मळमळतही होतं. कोंडलेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे.

महाराजांनी ते मला ऐकवलं नाही. घोंगड्या पांघरवून आम्हा दोघांना उघड्यावर बसवलं. डोकं हलकं होईपर्यंत उठू दिलं नाही. मग धुनीतून चिमट्याने दगड काढले, गोणपाटात गुंडाळले आणि कालिंदीच्या अंथरुणात पायांशी ठेवले. खिडकी उघडीच राहिली. ती शांत झोपली.

“आग बाहेर असावी,” ते म्हणाले. “आत फक्त ऊब न्यावी.”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं, महाराज?”

ते खिडकीच्या चौकटीकडे बघत राहिले.

“…या खोलीनं.”

मला वाटलं, साधूंचं बोलणं असतं तसं काहीतरी असेल.

महाराज गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा मठात गेलो. त्यांच्या शिष्याने सांगितलं: एका हिवाळ्यात महाराजांचे गुरू आणि एक गुरुबंधू त्याच खोलीत, दारं-खिडक्या लावून, शेगडीशेजारी निजले ते उठले नाहीत. महाराज सकाळी गावाहून परतले. दोघांना समाधी दिल्यावर त्यांनी झडपा काढून धुनीत घातल्या.

त्या संध्याकाळी डोळ्यांनी आणि नाकाने फसवल्यापासून माझा माझ्या कानांवरही भरवसा उरलेला नव्हता, म्हणून चौकटीवरून हात फिरवून पाहिला.

गंजलेल्या चार बिजागऱ्या अजून तिथेच होत्या.