पोवळीची तळी

हा बांध ओलांडला की उजव्या हाताला जी दगडांनी बांधलेली लहानशी तळी दिसते, ती पोवळीची. तिच्या अलीकडे मिठागरं आहेत, पलीकडे खाडी आहे आणि भरतीला खारं पाणी पार या भेंडीच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत येतं. तरी तळीचं पाणी गोडं आहे. ओंजळभर घेऊन बघा. गाळानं थोडं मातकट लागेल, पण खारट नाही लागणार. येणारे लोक विचारतात, इथं गोडं पाणी कसं? तेवढ्यासाठीच मी सांगतो. आमच्या आजोबांनी जसं सांगितलं, तसंच.

फार जुन्या काळी म्हणे या गावात गोड्या पाण्याचा थेंब नव्हता. डोंगरापलीकडच्या विहिरीवरून बायका हंडे आणायच्या. उन्हाळ्यात ती विहीरही तळाला जायची, मग गावकीनं ठरवून दिलं होतं की भातापुरतं पाणी वेगळं आणि पिण्याला माणशी रोज एक तांब्या. आंघोळ, धुणं सगळं खाऱ्या पाण्यात. दिवसभर मिठात उभं राहायचं आणि खाऱ्या पाण्यानं डोकं धुवायचं, त्यामुळे इथल्या बायकांचे केस नारळाच्या सोडणाच्या काथ्यासारखे तांबडे, राठ व्हायचे. फणी घातली की तुटून हातात यायचे. आसपासच्या गावांत त्यांना ‘सुंभवाल्या’ म्हणत.

त्या गावात नामी नावाची बाई होती. नवरा होडी उलटून गेलेला, मूल एकच, ही पोवळी. नामीनं तिला तान्हेपणीच डोंगरापलीकडे मामाकडे ठेवलं होतं. तिथं पाणी गोडं, मामाच्या घरचं खोबरेल. पोरीचे केस गुडघ्याला लागायचे असं सांगतात. त्या केसांकडे बघूनच खाडीपलीकडच्या धावजीच्या घरच्यांनी तिला मागणी घातली. लग्न ठरलं, तशी नामीनं तिला घरी आणलं. चार महिने तरी लेक जवळ असावी, एवढीच तिची इच्छा.

त्या चार महिन्यांत केसांची रया गेली. आधी टोकं फाटली, मग वेणी अर्ध्यावर आली, मग भांगाजवळ टाळू दिसायला लागली. पोवळी उशीवरचे केस गोळा करून पदरात लपवायची. धावजीची आई एकदा येऊन बघून गेली आणि म्हणाली, “पोरीला काहीतरी रोग आहे. आखातीला आम्ही परत येऊ. केस सुधारले असतील तर लग्न, नाहीतर शब्द मोडला असं समजा.”

तेव्हा फाल्गुन लागला होता, आखाती म्हणजे अक्षय्य तृतीयेला दोन महिने होते. नामीनं माका आणून तेलात कढवला. जास्वंदीचा पाला वाटला. मामाकडून शिकेकाई मागवली. पण खाऱ्या पाण्यात शिकेकाईला फेस येईना, तेल निघेना, केस आणखीच चिकटायला लागले. आठ दिवस ती नुसती बघत राहिली. मग एका संध्याकाळी ती मडकं घेऊन आली. मडक्यात चार तांबे गोडं पाणी.

“आये, हे कुठलं?” पोवळीनं विचारलं.

“भेंडीखाली खडकात झरा सापडलाय. थेंब थेंब येतो. कुणाला बोलू नको, नाहीतर सगळा गाव तुटून पडेल. डोकं खाली कर.”

तेव्हापासून दर आठवड्याला नामी मडकं आणायची. लेकीचा एकेक केस सोडवायची, कोमट तेल मुळांशी जिरवायची, शिकेकाईनं धुवायची, आणि वाळेपर्यंत फणी लावू द्यायची नाही. चैत्र निम्मा झाला तशी टाळूवर काळी लव आली. तुटणं थांबलं. केसांना हात लावला की पुन्हा मऊ लागायला लागले. पोवळी खाडीच्या पाण्यात वाकून स्वतःकडे बघायची.

नामीचे ओठ तेव्हा फुटले होते. मिठाच्या वाफ्यात फळी ओढताना ती मध्येच उभी राहायची, डोळ्यांवर हात धरायची. पोवळीला वाटायचं, आई म्हातारी झाली. एकदा तर ती वैतागून म्हणाली, “आये, एकच मडकं काय आणतेस? फेस नीट निघत नाही. झऱ्याला काय तोटा आहे का?”

त्या आठवड्यापासून मडक्यात पाच तांबे यायला लागले.

आखातीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, नामी वाफ्यात कोसळली. बायकांनी उचलून घरी आणली. शेजारच्या भागीनं तोंडाशी तांब्या धरला, तर तिनं मान फिरवली. “ते ठेव,” म्हणाली. “उद्या पाहुणे येणार. पोरीला लागेल.” जबरदस्तीनं दोन घोट घातले, ते आत उतरले नाहीत. ऊन कलायच्या आत ती गेली.

न्हाऊ घालायला बायका जमल्या. घागर खाऱ्या पाण्याची. नामीचे केस मिठानं कडक झालेले, कपाळाला चिकटलेले. पोवळी म्हणाली, “थांबा. आयेचं डोकं मी गोड्या पाण्यानं धुते.” आणि मडकं घेऊन भेंडीकडे पळाली.

तिथं झरा नव्हता. कोरडा खडक, आणि खडकाच्या सावलीत मडकं ठेवायची खळगी आणि त्यावर झाकायची एक करवंटी. तिनं हातांनी मुरूम उकरला. नखं गेली. भागी तिच्या मागं आली होती. ती म्हणाली, “झरा कसला गो? तुझी आई रोज अर्धा तांब्या प्यायची आणि अर्धा तुझ्या मडक्यात घालायची. मला शपथ घातली होती. तू मागितलंस तेव्हापासून तर तेवढंही पीत नव्हती.”

खाडीकाठची चितेची जागा भरतीत बुडते आणि भरती चढत होती, थांबता येत नव्हतं. नामीला खाऱ्या पाण्यानंच न्हाऊ घातलं. पोवळीनं फणी लावली, तर केस फणीत तुटून आले. तशीच तिला खाडीकाठी नेली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. दारातलं सुतक बघून परतले, पण जाताना धावजीच्या आईनं पोवळीचे केस बघून घेतले. महिन्यानं निरोप आला, केस सुधारलेत, आमची हरकत नाही. पोवळी घरात नव्हती. ती भेंडीखाली पहार घेऊन खणत होती. मग धावजी स्वतः आला, खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. तिनं वर बघून एवढंच विचारलं, “प्यायला पाणी आणलंयस का?” त्यानं आणलं नव्हतं. तो निघून गेला. पुन्हा आला नाही.

सात वर्षं ती खणत होती असं सांगतात. लोक आधी रडले, मग समजावून थकले, मग वेडी म्हणायला लागले. केसांचं जे व्हायचं ते झालं. घाम, माती, खारा वारा. शेवटी त्यांच्या जटा झाल्या. सातव्या वर्षी वैशाखात पहारीखालचा दगड फुटला आणि गोडं पाणी आलं. सगळा गाव धावला. पोरं नाचली. पोवळीनं त्यातलं घोटभरही घेतलं नाही म्हणे. तिनं पहिला तांब्या भरला आणि नामीला जाळलं होतं तिथं नेऊन ओतला. तिथं राख कुठली? सात वर्षांच्या भरत्यांनी सगळं धुऊन नेलं होतं. चिखलानं पाणी गिळलं.

त्यानंतर ती पुष्कळ जगली, पण त्या पाण्यानं तिनं डोकं कधी धुतलं नाही. ती गेली तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या भागीनं बायकांना बसवलं आणि तळीचं पाणी आणायला लावलं. जटांमध्ये फणी शिरत नव्हती. बायका सकाळपासून एकेक केस सोडवत बसल्या. पुरुष म्हणाले, ओहोटी टळेल. भागी म्हणाली, “टळू दे.”

आजही आमच्या गावात बाई गेली की आधी तळीचं पाणी येतं. तिचे केस सोडवून, तेल लावून, शिकेकाईनं धुवून विंचरल्याशिवाय कुणी तिला उचलत नाही. कितीही उशीर झाला तरी पुरुषांनी बाहेर बसायचं.

गेल्या माघात माझी मंडळी गेली. औषधांनी तिच्या डोक्यावर एक केस राहिला नव्हता. मी म्हटलं, आता कशाला ते? बायकांनी ऐकलं नाही. हंडा आणला, मला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. दोन तास लागले.