पहिल्या मडक्याचा मान

एका जंगलात, ओढ्याकाठच्या शिंदीच्या बनाला लागून, अस्वलांचे एक कुटुंब राहत असे. दर हिवाळ्यात हे कुटुंब शिंदीच्या झाडांना खाच पाडून रात्रभर मडकी बांधून ठेवी आणि सकाळी जमलेला गोड रस चुलीवर आटवून त्याची काकवी करी. अस्वलांकडे चूल कुठली, असे विचारू नका मुलांनो. गोष्टीतल्या अस्वलांकडे असते. आणि जिथे चूल असते तिथे भांडणेही असतात, हे तुम्हांला घरबसल्या ठाऊक आहेच.

या कामाची रीत ठरलेली होती. उन्हे चढायच्या आत रस कढईत पडायला हवा, नाहीतर तो आंबतो. एकदा रस काढला की झाडांना बरेच दिवस विसावा द्यायचा. आणि पहिले मडके ओतायचा मान घरच्या कर्त्याचा; ते ओतल्याशिवाय कुणी थेंबालाही तोंड लावायचे नाही. इतकी वर्षे हा मान म्हाताऱ्या बापाकडे होता. त्या पावसाळ्यात बाप गेला. मागे राहिली म्हातारी आई आणि दोन मुलगे. थोरला डोंगरापलीकडे राहत असे आणि वर्षातून एकदा, काकवीच्या दिवशी येई. धाकटा आईजवळच असे आणि ते येता-जाता बोलून दाखवी.

आईचे दात पडले होते. कंद चावत नव्हते, वाळवी गिळवत नव्हती. नवऱ्यामागे तिने अंथरूणच धरले. थंडी वाढली तशी ती म्हणाली, "बाळा, थोडी काकवी पोटात गेली ना, तर हा हिवाळा निघेल बघ माझा." धाकट्याने लगेच थोरल्याला बोलावून घेतले आणि तो आला त्याच संध्याकाळी झाडांना मडकी बांधली. मुलगे वाईट नव्हते, आणि वाईट वाटते ते याचेच. दोघांचाही आईवर जीव होता.

सकाळी मडकी काठोकाठ भरली. चूल पेटली, कढई चढली. थोरल्याने पहिल्या मडक्याला हात घातला, तसे धाकट्याने दुसऱ्या बाजूने तेच मडके धरले.

"सोड," थोरला म्हणाला. "बाबांच्या मागे थोरला मी आहे."

"वर्षातून एक दिवस थोरला?" धाकटा म्हणाला. "झाडावर मी चढलो, खाच मी पाडली, आईचं सगळं मी करतो. आणि ओतायला तू?"

"करतोस म्हणजे उपकार करतोस का?"

"उपकार नाही. पण मान तरी माझा आहे की नाही?"

मग सगळे जुने निघाले. बापाच्या आजारपणात कोण फिरकले नाही, कुणाच्या लग्नात कुणाला आधी वाढले, मधाचे मोठे पोळे कुणाच्या वाट्याला गेले. कढई रिकामीच तापत राहिली.

शेजारच्या झाडावरून एक कावळा ओरडला, "अरे, उन्हं चढली! रस फसफसायला लागलाय!"

"घरच्या गोष्टीत बाहेरच्याने बोलू नये," धाकटा म्हणाला.

"निदान म्हातारीला वाटीभर कच्चा रस तरी द्या."

"पहिलं मडकं ओतायच्या आधी?" थोरला म्हणाला. "आमच्यात तसं चालत नाही."

आतून आईचा क्षीण आवाज आला, "अरे, कुणीही ओता रे. मला काय त्याचं?"

"आई, तू मधे पडू नकोस," थोरला म्हणाला. "हा बाबांच्या मानाचा प्रश्न आहे."

शेवटी म्हातारी कशीबशी उठली, लटपटत बाहेर आली आणि मडके उचलायला तिने स्वतःच हात पुढे केला. त्या सबंध सकाळी दोघा भावांचे एका गोष्टीवर एकमत झाले ते इथे. "आई! आपल्यात बायकांनी ओतायचं नसतं," दोघेही म्हणाले, आणि तिला दोन्ही बाजूंनी अगदी हळुवार धरून पुन्हा अंथरुणावर निजवून आले. मग परत येऊन भांडायला उभे राहिले.

दुपार कलली तेव्हा दोघेही थकले. दोघांनी मिळून मडके धरावे आणि ओतावे, असे ठरले. हे सकाळीही ठरवता आले असते. एव्हाना रसावर पांढरा फेस आला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. तरी त्यांनी तो ओतला, जाळ केला, आटवून आटवून आटवला. कढईत उरला तो काळपट, आंबट-कडू चिकटा. रीतीप्रमाणे पहिली पळी आईला नेऊन दिली.

आईने जीभ लावली. घशाखाली काही उतरले नाही. तिने दोघांकडे पाहिले.

"राहिला ना रे बाबांचा मान?" तिने विचारले.

थोरल्याने पळी बाजूला ठेवली.

"मग झालं," ती म्हणाली आणि तिने कूस बदलली.

झाडे पुन्हा रस देण्याजोगी होण्याआधीच म्हातारी गेली. सारे जंगल भेटायला आले. थोरला रडत होता, धाकटाही रडत होता, आणि दोघांचेही रडणे खरे होते. आल्यागेल्याला दोघे एकच सांगत होते, "एवढं एक समाधान आहे. शेवटची काकवी ती आमच्या हातची खाऊन गेली." ऐकणारे म्हणत, "भाग्यवान हो म्हातारी!"

तात्पर्य : मान कुणाचा, यावर भांडायला मुलांना पुढे पुष्कळ दिवस मिळतात, आईपाशी तितके दिवस नसतात.